‘मेमरीज ऑफ मर्डर’ नीट बघायचा असेल तर

हा पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पूर्ण वेळ खुनी कोण हेच शोधत होते. म्हणजे कुणी नवीन माणूस पडद्यावर आला की हाच असेल का, याचे हात बघ, याची नजर बघ, असं डोक्यात चालू, आणि संपला तेव्हा इतकं रितं वाटलं की रागच आला. मग एका मैत्रिणीच्या हट्टानं दुसऱ्यांदा बघितला, या वेळी खुन्याला सोडून दिलं आणि फक्त पोलिसांकडे बघत बसले, तेव्हा कुठे तो मला कळला. त्यानंतर चार वेळा बघून झालाय, ओळखीतल्या बऱ्याच जणांना बघायला लावलाय, आणि दर वेळी तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी ओळख करून देते. २००३ चा कोरियन पिक्चर, दिग्दर्शक बोंग जून-हो, तोच ‘पॅरासाइट’वाला, आणि हा त्याचा दुसराच पिक्चर. दक्षिण कोरियात सोलच्या खाली ह्वासाँग म्हणून भाग आहे, तिथं १९८६ ते १९९१ मध्ये दहा बायकामुलींचे खून झाले, सगळ्यात मोठी ७१ वर्षांची आजी आणि सगळ्यात लहान १३ वर्षांची शाळकरी मुलगी. हजारो लोकांची चौकशी झाली आणि तरी पिक्चर आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. हे एवढं डोक्यात पक्कं ठेवून बसायचं. लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, नटांना माहीत नव्हतं, थिएटरात बसलेल्या कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे शेवटी कुणीतरी येऊन गाठ सोडवून देईल ही अपेक्षा दारातच ठेवून यायची.

पुढे मी सगळंच सांगणार आहे, शेवटासकट. त्यामुळे बघितला नसेल तर तयारीचा भाग वाचा आणि थांबा, बघून या, मग उरलेलं वाचा.

तयारी म्हणजे काय, तर सव्वादोन तास मोकळे काढा आणि रात्री बघा, दिवे बंद करून. यातला निम्मा पिक्चर अंधारात घडतो, शेतातला अंधार, पावसातला अंधार, बोगद्यातला अंधार, आणि खोलीत ट्यूबलाइट चालू असेल तर पडद्यावर नुसता काळा चौकोन आणि त्यात तुमचाच चेहरा दिसेल. मोबाइलवर तर नकोच. आवाजासाठी हेडफोन चांगले, कारण पाऊस कधी सुरू होतो आणि रेडिओवर काय लागतं हे कथेचं महत्त्वाचं अंग आहे. डब केलेला बघू नका, मूळ कोरियन आवाज आणि सबटायटल. मुख्य नट साँग कांग-होचा आवाज, त्याचं ते खेकसणं, मधेच पोरकट हसणं, हे दुसऱ्याच्या आवाजात गेलं की माणूसच बदलतो. लहान मुलांना घेऊन अजिबात बसू नका, आणि सोबत जे असतील त्यांना आधी स्पष्ट सांगा की यात मृतदेह दिसतात आणि पोलीस चौकीतली मारहाण दिसते, ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी नाही बघितला तरी काही बिघडत नाही.

नावांचा गोंधळ सगळ्यांचा होतो, त्यावर उपाय सांगते. तीनच पोलीस लक्षात ठेवा. पार्क, म्हणजे साँग कांग-हो, गोल चेहऱ्याचा, गावातला, नुसतं डोळ्यात बघून गुन्हेगार ओळखतो असं स्वतःबद्दल सांगणारा. सो, सोलहून आलेला, बारीक, गप्प, कागदपत्रं खोटं बोलत नाहीत यावर विश्वास असलेला. सोलचा सो, की विसरणार नाही. आणि चो, जो बोलत नाही, बुटानं लाथा मारतो. बाकीचे आपोआप कळतात.

थोडा इतिहासही लागतो. १९८६ मध्ये तिथं चुन डू-ह्वानची राजवट होती, लष्करातून सत्तेवर आलेला माणूस, विद्यार्थी रस्त्यावर, पोलीस त्यांच्या मागे, आणि उत्तर कोरियाच्या हल्ल्याची भीती म्हणून अधूनमधून भोंगा वाजवून सगळ्या गावाचे दिवे बंद करायची कवायत. हे माहीत नसेल तर अर्धे सीन नुसती सजावट वाटतात.

आणि याला निओ-नॉयर म्हणतात म्हणून जुन्या अमेरिकन पिक्चरांसारखी हॅट, सिगरेट, सावल्या शोधू नका. नॉयर म्हणजे ज्यात शोधणारा माणूसच हळूहळू काळा होत जातो, कायदा आणि गुन्हा यातली रेघ पुसत जाते. तेच इथे आहे, फक्त शहराच्या गल्लीऐवजी भाताच्या खाचरात. आणि सुरुवात तर चक्क कोवळ्या उन्हात.

आता पहिल्या वेळी काय करायचं ते. फक्त पोलिसांकडे बघा. कुठलाही संशयित आला की त्याच्याकडे नाही, त्याला बघणाऱ्या पोलिसाकडे बघा. एवढं एकच पथ्य.

सुरुवातीचा सीन घ्या. पिकलेलं भात, सोनेरी, वाऱ्यावर हलतंय, त्यात एक पोरगा नाकतोडा पकडतोय. मी मुळशीची आहे, आमच्याकडे दिवाळीच्या आधी खाचरं अगदी अशीच दिसतात आणि आम्हीही असेच नाकतोडे पकडायचो, त्यामुळे मला तो सीन कोरियातला वाटलाच नाही. मग पॉवर टिलरच्या मागच्या ट्रॉलीत बसून पार्क येतो. जीप नाही, सायरन नाही, पॉवर टिलर. शेताच्या कडेनं काँक्रीटची झाकणं टाकलेली मोरी आहे, तो खाली वाकून आत बघतो आणि आत बाईचा मृतदेह आहे. तो वर बसलेल्या पोराला हाकलतो, तर पोरगा त्याचंच बोलणं जसंच्या तसं परत बोलतो, तेच हावभाव, तोच चेहरा. पार्क गप्प होतो. या जागी पॉज न करता पार्कचा चेहरा नीट बघून ठेवा, कारण शेवटी परत याच मोरीपाशी यायचंय.

त्यानंतर थोड्या वेळानं दुसरा मृतदेह सापडतो आणि तिथं एक लांबच्या लांब शॉट आहे, मधे एकही कट नाही. हा शॉट मी लोकांना दोनदा दाखवते. पार्क बांधावर चालतोय, कॅमेरा त्याच्या बरोबर. शेतात गावभर माणसं जमलीत, पोरं मृतदेहाच्या आजूबाजूला पळतायत, फॉरेन्सिकवाले अजून आलेलेच नाहीत, मातीत बुटाचा एक ठसा मिळालाय तर पार्क त्याभोवती गोल आखतो आणि ओरडतोय की इकडे कुणी येऊ नका. वरचे साहेब येतात ते उतारावरून घसरून पडतात. आणि एवढ्यात एक ट्रॅक्टर शांतपणे येतो आणि त्या ठशावरून निघून जातो. झालं, पुरावा गेला. कुणी मुद्दाम केलेलं नाही, ट्रॅक्टरवाला रोज तिथूनच जातो, त्याला काय माहीत. बघताना पटकन हसू येतं आणि लगेच घशात अडकतं, कारण शॉटच्या एका बाजूला ती बाई तशीच पडलेली आहे. कट नसल्यामुळे आपल्याला दुसरीकडे बघायची सवलत मिळत नाही. कॅमेऱ्याच्या कामाबद्दल शिकायचं असेल तर या दोन मिनिटांत भरपूर आहे, कोण कधी फ्रेममध्ये येतं, कोण कधी बाहेर जातं, हे एकदा आवाज बंद करूनही बघा.

मग पार्क काय करतो, तर क्वांग-हो नावाच्या एका पोराला धरतो. चेहऱ्यावर भाजल्याचे डाग, बुद्धीनं थोडा मागे, मेलेल्या मुलीच्या मागे मागे फिरायचा एवढाच त्याचा गुन्हा. त्याला चौकीच्या तळघरात मारतात, त्याच्याच बुटाचा ठसा मातीत उमटवून पुरावा बनवतात. आणि मधेच तेच पोलीस त्याच्याबरोबर बसून काळ्या सॉसमधल्या नूडल्स खातात आणि टीव्हीवर लागलेली पोलिसांची मालिका बघतात, मालिकेची धून सगळे मिळून गुणगुणतात. मारणारे आणि मार खाणारा, एकाच टेबलावर, एकच मालिका. मला विचाराल तर मारहाणीच्या सीनपेक्षा हा सीन जास्त हादरवतो, कारण तिथं कुणीच राक्षस दिसत नाही.

चोच्या बुटावर लक्ष ठेवा. लाथ मारायच्या आधी तो बुटावर कापडाचं कव्हर चढवतो, म्हणजे अंगावर वळ उठायला नको. म्हणजे हे रोजचं आहे, त्याची पद्धत ठरलेली आहे, कुणीतरी बसून ते कव्हर शिवलेलं आहे. पुढे त्याच पायाचं काय होतं ते बघाच, खानावळीतल्या भांडणात गंजका खिळा लागतो, धनुर्वात होतो, पाय कापावा लागतो आणि त्या कागदावर सही करावी लागते पार्कला. आणि ज्यानं ती खिळ्याची फळी मारली तो क्वांग-हो, त्यानं खून होताना बघितलेला होता. खरा साक्षीदार इतके दिवस त्यांच्या हातात होता आणि ते त्याच्याकडून कबुली काढत बसले होते. हे त्यांना कळतं आणि थोड्याच वेळात तो रेल्वेखाली जातो.

इथपर्यंत आलात की पहिल्या वेळचं काम झालं. दुसऱ्यांदा बघायच्या आधी आठवडाभर जाऊ द्या.

दुसऱ्या वेळी बायकांकडे बघा. चौकीत क्वोन नावाची एक पोलीस आहे, तिच्याकडे साहेब लोक चहापाण्याचीच कामं ढकलतात. पण पावसाळी रात्री खून होतो तेव्हा रेडिओवर एका कार्यक्रमात तेच गाणं लागलेलं असतं, हे तिच्याच लक्षात येतं. गाणं यू जे-हाचं आहे, तो गायक खराच होता, १९८७ मध्ये एकच अल्बम काढला आणि त्याच वर्षी अपघातात गेला, पंचविशीत. जी बाई हल्ल्यातून वाचली ती पुरुषांसमोर तोंड उघडत नाही, क्वोनसमोर बोलते, आणि हल्लेखोराचे हात मऊ होते हा एवढा मोठा धागा तिथून मिळतो. तरी क्वोनला शाबासकी देताना कुणी दिसत नाही. पहिल्या वेळी हे माझ्या नजरेतून साफ सुटलं होतं.

शाळकरी मुलगीही नीट बघा. सो तिच्या पाठीवर एक छोटी पट्टी चिकटवतो, एवढासा सीन, विसरून जाल असा. नंतर पावसात एका रात्री रस्त्यावरून दोन बायका दोन दिशांनी जातायत, एक पार्कच्या घरची आणि एक ही मुलगी, आणि झाडीतून कुणीतरी ठरवतंय की कुणाच्या मागे जायचं. त्याच वेळी गावात भोंगा वाजतो, दुकानांची शटर खाली येतात, एकेक दिवा विझतो. सरकारच अंधार करतंय. मग सकाळी सो त्या मृतदेहावर वाकतो आणि त्याला ती पट्टी दिसते. त्याच्या आधी एका रात्री पोलिसांनी बंदोबस्तासाठी जादा कुमक मागितलेली असते आणि उत्तर मिळतं की सगळे निदर्शनं मोडायला गेलेत. कुणाला वाचवायचं नि कुणाला मारायचं हे ठरवून झालेलं होतं, फक्त तसं कुणी बोलत नव्हतं. बोंगनं यावर एकही भाषण टाकलेलं नाही, फोन ठेवल्याचा आवाज येतो आणि पुढचा सीन. म्हणून म्हणते, हेडफोन लावा.

आमची आत्या १९७६ मध्ये पुण्यात राहायची. हा पिक्चर तिच्याबरोबर बघितला तेव्हा शटर पडायच्या सीनला ती म्हणाली, अगं असंच होतं. जोशी-अभ्यंकर खून झाले तो काळ, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, तिथेही दहाच माणसं गेली, आणि तेव्हा आणीबाणी होती. अंधार पडला की दार लावायचं, कडी दोनदा बघायची, ओळखीच्या आवाजालाही लगेच उघडायचं नाही. आणि शेवटी सापडले ते कोण, तर टिळक रोडवरच्या आर्ट कॉलेजातली पोरं. आत्या म्हणाली की त्यांचे फोटो पेपरात बघून तिला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण फोटोत काहीच नव्हतं, कुठल्याही बसस्टॉपवर उभी असतील अशी पोरं. तुमच्या घरात त्या वयाचं कुणी असेल तर त्यांच्याबरोबर जरूर बघा आणि मधे बोलायला लागले तर थांबवू नका, पिक्चर काय परत मागे नेता येतो.

आता बोगदा. शेवटचा संशयित मऊ हातांचा आहे, गाण्याची फर्माईश त्याचीच आहे, सगळं जुळतंय, फक्त डीएनएचा रिपोर्ट अमेरिकेतून यायचाय कारण कोरियात तेव्हा ती सोय नव्हती. त्या मुलीच्या मृत्यूनंतर सो, तोच कागदावर विश्वास असलेला सो, त्याला रेल्वेच्या रुळांवर आणून बुकलतो आणि पिस्तूल काढतो. पार्क रिपोर्ट घेऊन धावत येतो, इंग्रजीत आहे, आणि त्यात लिहिलंय की जुळत नाही. सो म्हणतो कागदच खोटा आहे. कागद पावसात रुळांवर पडतो आणि गाडी त्यावरून जाते. दोघांची अदलाबदल झाली बघा, मारणारा थांबवतोय आणि थांबवणारा मारतोय. मग पार्क त्या पोराचा चेहरा धरून डोळ्यात बघतो, बराच वेळ बघतो, आणि त्याला काहीच दिसत नाही. ज्या एका गोष्टीवर त्याची सगळी नोकरी उभी होती ती तिथं संपते. साँग कांग-होचं काम बघायचं तर इथं बघा, तो फार काही करतच नाही.

त्यानंतर एकदम २००३. पार्क नोकरी सोडून मिक्सर-ज्यूसरच्या धंद्यात आहे, गाडीतून जाताना तोच रस्ता लागतो, तो उतरतो आणि त्याच मोरीत वाकून बघतो. रिकामी. एक लहान मुलगी विचारते काय बघताय, मागे अजून एक माणूस असाच बघत होता, म्हणाला फार वर्षांपूर्वी इथं मी काहीतरी केलं होतं. कसा दिसत होता? साधाच, म्हणते, चारचौघांसारखा. आणि पार्क वळून थेट कॅमेऱ्यात बघतो. बोंगनं नंतर सांगितलंय की खुनी कधीतरी थिएटरात येऊन हा पिक्चर बघेल असं त्याच्या डोक्यात होतं, म्हणून ती नजर. या शॉटनंतर लगेच उठू नका, लगेच कुणी बोलू नका.

हे झालं की मगच खऱ्या केसबद्दल वाचायचं, आधी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांचा डीएनए परत तपासला आणि जुळला, ली चुन-जे. तो आधीच बुसानच्या तुरुंगात होता, १९९४ मध्ये केलेल्या बायकोच्या बहिणीच्या खुनासाठी जन्मठेप झालेली. त्यानं चौदा खून कबूल केले. पण ह्वासाँगच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालूच शकला नाही, कारण पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्येच संपली होती. आणि हो, त्यानं तुरुंगात हा पिक्चर बघितला होता. कोर्टात त्याला विचारलं तर म्हणाला, पिक्चर म्हणून बघितला, विशेष काही वाटलं नाही.

पण मला या बातमीतला दुसराच माणूस विसरता येत नाही. दहापैकी आठव्या खुनासाठी पोलिसांनी एका तरुणाला पकडलं होतं, लहानपणी पोलिओ झालेला, पायानं अधू. त्यानं सांगितलं की झोपू न देता, मारून माझ्याकडून कबुली घेतली. जवळजवळ वीस वर्षं आत काढली. पिक्चर २००३ मध्ये कोरियाभर गाजत होता तेव्हा तो तुरुंगातच होता. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. हे वाचून परत तो तळघरातला सीन बघा, क्वांग-होचा, मग मला सांगा काय वाटतं ते.

तिसऱ्यांदा बघणार असाल, आणि बघाच, तर एक गोष्ट करा, मात्र किमान चारपाच जण हवेत. पहिल्या अर्ध्या तासात एक सीन आहे, चौकीत दोन तरुण शेजारी शेजारी बसून जबाब लिहितायत. साहेब पार्कला म्हणतो, यातला एक बलात्कारी आहे आणि दुसरा त्या मुलीचा भाऊ, ज्यानं त्याला पकडून आणला. तू डोळे बघून ओळखतोस ना, सांग कोणता कोण. पार्क दोघांकडे बघतो. कॅमेरा दोघांकडे बघतो. उत्तर पिक्चरमध्ये कधीच मिळत नाही. तिथं पॉज करा, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, एकमेकांना न विचारता डावा की उजवा लिहायचं आणि किती खात्री आहे तेही लिहायचं. मागच्या महिन्यात आमच्याकडे पाच जण होते, तीन चिठ्ठ्यांवर डावा आला, दोनवर उजवा, आणि पाचही जणांनी खाली लिहिलं होतं, नक्की.